घरबसल्या कमाईच्या जाहिराती आणि कायदा

पेरणीसाठीं बियाणें घेतांना शेतकरी पिशवीवरील उगवणशक्तीचा आंकडा पाहतो, गेल्या सालीं तें वाण कोणीं पेरलें होतें याची चौकशी करतो आणि दुकानदाराची पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो. परंतु "घरबसल्या दरमहा पन्नास हजार रुपये" अशी जाहिरात मोबाइलवर आली म्हणजे तोच शेतकरी, किंवा त्याचा शिकलेला मुलगा, यांपैकीं एकही खबरदारी घेत नाहीं. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही शहरांत आणि त्यांच्या भोंवतालच्या खेड्यांत हा अनुभव आतां नित्याचा झाला आहे. मुंबई-वडोदरा महामार्गासाठीं अंबरनाथ तालुक्यांतील जमिनी संपादित झाल्या व कित्येक कुटुंबांच्या हातीं मोबदल्याची रक्कम एकदम आली. शेतीचें क्षेत्र घटलें, मुलास नोकरी नाहीं, आणि पैसा बँकेंत आहे. अशा वेळीं आमिष दाखविणाऱ्यास आयतीच संधि मिळते. म्हणून या जाहिरातींचें स्वरूप काय, कायदा त्यांविषयीं काय म्हणतो, आणि विशेषतः दुसऱ्याची जाहिरात पुढें पाठविणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक वकील नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत नोकरीचीं सर्व वर्षें गेलीं, आणि कोणताही कागद शेवटच्या ओळीपासून वाचावयाचा ही संवय तेवढी अंगीं जडली. ती संवय येथें उपयोगी पडेल असें वाटतें.

एक उदाहरण

गेल्या पावसाळ्यांत बदलापूरजवळच्या एका खेड्यांतील एक परिचित शेतकरी आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले. मुलगा पदवीधर, वागण्यांत सरळ. त्यानें मोबाइलवरील जाहिरात पाहून एका मंडळीकडे "व्यवसाय-प्रशिक्षण" म्हणून ३५,००० रुपये भरले होते. तीन महिन्यांत एक लाख रुपये मिळतील असें त्यास सांगितलें होतें. प्रशिक्षणांत शिकविलें तें एवढेंच कीं, आणखी माणसें आणा; प्रत्येक माणसामागें ७,००० रुपये तुमचे. मुलानें आपल्या मावशीस व मावशीच्या शेजारणीस आणलें आणि त्यास १४,००० रुपये मिळाले. पुढें त्यास सांगण्यांत आलें कीं, आंकडा मोठा दाखविल्याशिवाय लोक येत नाहींत. तेव्हां त्यानें कोणाच्या तरी मोटारीजवळ उभें राहून छायाचित्र काढलें आणि "मला पहिल्याच महिन्यांत ४२,००० रुपये मिळाले" असा मजकूर नातेवाइकांच्या व गांवकऱ्यांच्या सर्व गटांत पाठविला. दोन महिन्यांनीं त्या मंडळीचा दूरध्वनि बंद झाला. मावशीच्या मुलानें पोलीस ठाण्यांत अर्ज दिला, आणि त्या अर्जांत नांव लिहिलें तें मंडळीचें नव्हे, आपल्या मावसभावाचें.

"भाऊसाहेब, हा कागद जरा पाहा," असें म्हणून वडिलांनीं अर्जाची प्रत पुढें ठेवली. मुलगा म्हणाला, "काका, मी स्वतःच फसलों आहें. माझ्यावर अर्ज कसा होऊं शकतो?"

हा प्रश्न प्रामाणिक होता, आणि अनेकांच्या मनांत तोच असतो. त्याचें उत्तर कायद्यांत आहे. परंतु त्याआधीं अशा योजना कशा चालतात हें पाहणें जरूर आहे.

पूर्वीचीं प्रकरणें

२०११ सालीं गाजलेलें स्पीक एशिया प्रकरण वाचकांस आठवत असेल. ११,००० रुपये वर्षाची वर्गणी भरावयाची, इंटरनेटवर दर आठवड्यास दोन प्रश्नावल्या भरून द्यावयाच्या, आणि त्याबद्दल आठवड्यास १,००० रुपये घ्यावयाचे, अशी ती योजना होती. म्हणजे ११,००० भरणारास वर्षाअखेर ५२,००० मिळावयाचे. त्या प्रश्नावल्या कोणाच्या उपयोगाच्या, आणि त्यांसाठीं एवढी किंमत कोण देतो, हें विचारणारे थोडे होते. पुढें मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तपास गेला.

२०१९ सालीं सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूर येथील महारयत ॲग्रो या कंपनीचें कडकनाथ कोंबड्यांचें प्रकरण बाहेर आलें. शेतकऱ्याकडून रक्कम भरून घ्यावयाची, त्यास पिलें व खाद्य द्यावयाचें, आणि पुढें अंडीं व पक्षी कंपनीच चढ्या दरानें परत घेईल असें आश्वासन द्यावयाचें, अशी त्या योजनेची मांडणी होती. खरेदी थांबली तेव्हां शेतकऱ्यांच्या खुराड्यांत पक्षी होते, परंतु खाद्यास पैसे नव्हते. या प्रकरणापासून घ्यावयाचा धडा असा कीं, मिळकतीचा हिशेब एकाच खरेदीदाराच्या शब्दावर उभा असेल तर तो बाजारभाव नव्हे. तेंच अंडें आठवड्याच्या बाजारांत काय दरानें जातें, एवढी चौकशी पुरेशी होती.

अगदीं अलीकडील व आपल्या शेजारचें प्रकरण टोरेसचें. फेब्रुवारी १९२४ नव्हे, तर अगदीं कालपरवांच्या फेब्रुवारी २०२४ मध्यें ही दुकानें उघडलीं; दादरप्रमाणेंच कल्याणलाही त्यांचें दुकान होतें. खडे व दागिने विकत घेणारास दर आठवड्यास परतावा देण्याचें वचन होतें. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यांत परतावा बंद पडला, दुकानांपुढें लोकांची गर्दी झाली, आणि दादर येथील शिवाजी पार्क पोलीस ठाण्यांत गुन्हा नोंदला जाऊन तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. आठवड्यास शेंकडा ५ म्हटलें तर कानास तें फार वाटत नाहीं; परंतु वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे वर्षास शेंकडा २६० झाले. बँकेची मुदतठेव शेंकडा ६-७ देते. हा गुणाकार पाटीवर करून पाहिला असतां पुढचें बरेंचसें आपोआप समजतें.

सभासदांच्या साखळीचा हिशेबही असाच करून पाहावा. पहिल्यानें पांच आणले, त्या पांचांनीं प्रत्येकीं पांच आणले, असें धरल्यास आठव्या पायरीस ३,९०,६२५ माणसें लागतात व नवव्या पायरीस १९,५३,१२५. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेंत सुमारें सव्वानऊ लाख होती. तेव्हां तान्हीं मुलें सभासद केलीं तरी नववी पायरी भरत नाहीं. शेवटच्या पायरीवरील माणसांस कांहींच मिळत नाहीं, आणि सर्वांत जास्त माणसें नेहमीं शेवटच्या पायरीवरच असतात.

जाहिरात कशास म्हणावें

पुष्कळांची समजूत अशी कीं, वर्तमानपत्रांत छापून येते ती जाहिरात. मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या ती निव्वळ बातचीत. कायदा असें मानीत नाहीं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांत जाहिरातीची व्याख्या इतकी व्यापक केली आहे कीं, प्रकाश, ध्वनि, धूर, वायु, छपाई, विद्युत्-माध्यमें, इंटरनेट व संकेतस्थळ हे सर्व मार्ग तींत नमूद आहेत. सूचना, परिपत्रक, वेष्टन व बीजकही तींत येतें. ज्या जाहिरातींत खोटें वर्णन असेल, खोटी हमी असेल, किंवा महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविली असेल, ती दिशाभूल करणारी जाहिरात होय.

अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करूं शकतें. पुन्हा तोच दोष घडल्यास पन्नास लाखांपर्यंत. हा दंड केवळ माल विकणाऱ्यास नाहीं. मालाची किंवा सेवेची शिफारस करणारासही तो लागू आहे, आणि शिवाय त्यास पुढें एक वर्षपर्यंत शिफारस करण्याची बंदी होऊं शकते. "माझा अनुभव असा आहे" असें दुसऱ्यास पटेल अशा रीतीनें केलेलें निवेदन म्हणजे शिफारस, असा कायद्याचा आशय आहे. तेव्हां "मला ४२,००० मिळाले" हें वाक्य कोणत्या सदरांत पडतें, हें वाचकांनींच ठरवावें. मात्र शिफारस करण्यापूर्वीं तिच्या खरेपणाची योग्य ती खातरजमा केली होती असें दाखवितां आल्यास शिफारस करणारा या दंडांतून सुटतो.

जाहिरातीच्या पायथ्याशीं बारीक अक्षरांत "मिळकतीची हमी नाहीं" असें लिहिलें म्हणजे सर्व दोष धुवून निघतात, अशीही एक समजूत आहे. जून २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनीं ती खोटी ठरविली आहे. अस्वीकृतीची ओळ मुख्य दाव्याच्या विरुद्ध असतां कामा नये, ती दाव्याच्याच भाषेंत असावी व त्याच ठशांत असावी. वरील मुलाच्या कागदावर दावा ठळक मराठींत होता आणि अस्वीकृति पाठीमागें बारीक इंग्रजींत. असा कागद देणाराचा हेतु काय, हें निराळें सांगण्याची गरज नाहीं.

कराराचा कायदा

भारतीय करार अधिनियम, १८७२ हा जुना असला तरी आजही उपयोगी आहे. जें वचन पाळण्याचा हेतु मुळांतच नाहीं तें वचन देणें म्हणजे कपट, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे; आणि कपटानें किंवा चुकीच्या निवेदनानें घडवून आणलेला करार फसलेल्या पक्षास रद्द ठरवितां येतो. उलट, व्यापारी आपल्या मालाची सर्वसाधारण वाखाणणी करतो ("आमचा तांदूळ सर्वांत गोड"), ती कोणी अक्षरशः घेत नाहीं व कायदाही घेत नाहीं. भेद असा कीं, वाखाणणींत आंकडा, मुदत किंवा हमी आली म्हणजे ती वाखाणणी राहत नाहीं.

या मुद्द्यावर विलायतेंतील एक जुना निवाडा प्रसिद्ध आहे. कार्बोलिक स्मोक बॉल नांवाचें औषधी साधन विकणाऱ्या कंपनीनें जाहिरात दिली होती कीं, तें साधन सांगितल्याप्रमाणें वापरूनही ज्यास इन्फ्ल्युएंझा होईल त्यास १०० पौंड देऊं, आणि त्यासाठीं १,००० पौंड बँकेंत ठेवले आहेत. कार्लिल नांवाच्या बाईनें तें वापरलें, तिला ज्वर आला, आणि तिनें पैसे मागितले. जाहिरात ही निव्वळ वाखाणणी होती असें कंपनीनें म्हटलें. डिसेंबर १८९२ मध्यें अपील कोर्टानें तें अमान्य करून पैसे देण्याचा हुकूम कायम केला. ज्यानें आंकडा लिहिला त्यानें तो निभावून नेला पाहिजे, हें तत्त्व तेव्हांपासून रूढ आहे.

फौजदारी बाजू

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. १९७८ सालीं संमत झालेल्या कायद्यानें बक्षीस चिटी व पैशाचें अभिसरण करणाऱ्या योजनांवर बंदी घातली आहे. सभासद नोंदविण्यावर अवलंबून झटपट व सोप्या रीतीनें पैसा मिळवून देणारी योजना या बंदीखालीं येते. ती चालविणें हा तर गुन्हा आहेच. परंतु तींत सभासद नोंदविणें व स्वतः सभासद म्हणून भाग घेणें यांसही बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं. अशा योजनेच्या प्रचाराचा मजकूर छापणें, प्रसिद्ध करणें व वांटणें यांसही दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनींही माल विकण्याच्या मिषानें चालणाऱ्या साखळी-योजनांस मनाई केली आहे.

दुसरा कायदा २०१९ चा, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा. अशा ठेवींसाठीं लोकांस आवाहन करणें एवढ्याबद्दलही एक ते पांच वर्षें कैद व दोन लाख ते दहा लाख रुपये दंड सांगितला आहे.

तिसरा, भारतीय न्याय संहिता. ही १ जुलै २०२४ पासून अमलांत आली. खोटी गोष्ट खरी म्हणून सांगून लबाडीनें दुसऱ्यास पैसे देण्यास प्रवृत्त करणें ही फसवणूक होय, आणि तिची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. धंदा प्रामाणिकपणें केला व तो बुडाला, तर तो गुन्हा नव्हे. आरंभींच असत्य माहीत असून तें सांगितलें, तर गुन्हा. मुलास मिळाले १४,००० आणि त्यानें लिहिले ४२,०००; हा फरक दुसऱ्या कोणीं केला नव्हता, त्यानें स्वतः केला होता. तो फसला हें खरें, आणि त्यानें फसविलें हेंही खरें. दोन्हीं गोष्टी एकाच माणसाच्या बाबतींत खऱ्या असूं शकतात. मीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, एकही संदेश पुसूं नकोस, वकिलाचा सल्ला घे, आणि जें घडलें तें आकड्यांसह पोलिसांपुढें स्वतः लिहून दे.

शेअरबाजारांतील सल्ल्याविषयींही एक शब्द. असा सल्ला मोबदला घेऊन देण्यास सेबीकडे नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्या सल्लागारासही हमखास परताव्याचें वचन देतां येत नाहीं. तेव्हां "हमखास" हा शब्द दिसतांच तेथून दूर व्हावें.

पैसे भरण्यापूर्वीं विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न: मिळकत मालाच्या विक्रींतून येते कीं नव्या सभासदाच्या पैशांतून? नवा माणूस आला नाहीं तर मिळकत थांबते काय? थांबत असल्यास तो धंदा नव्हे.

दुसरा: कितींपैकीं कितींस एवढे पैसे मिळाले? अमेरिकेंत व्यवसायाची संधि विकणारानें मिळकतीचा दावा केला तर तितकी मिळकत झालेल्या खरेदीदारांची संख्या व शेंकडेवारी लेखी द्यावी लागते, असा तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे. आपणही तोच कागद मागावा. यशस्वी झालेल्या एका माणसाचें छायाचित्र हा पुरावा नव्हे.

तिसरा: सांगितलेला आंकडा ढोबळ कीं निव्वळ? माल, वाहतूक, परत आलेला माल, जाहिरातीचा खर्च व कर वजा जातां हातीं काय उरतें? उल्हासनगरच्या बाजारांतून कपडे घेऊन मोबाइलवर विकणाऱ्या आमच्या ओळखीच्या बाया हा हिशेब वहींत नीट ठेवतात. त्यांपैकीं कोणीही महिन्याला लाख मिळतात असें म्हणत नाहीं.

चौथा: नोंदणी कशाची? कंपनी नोंदलेली असणें किंवा जीएसटी क्रमांक असणें म्हणजे लोकांच्या ठेवी घेण्याची परवानगी नव्हे. ती परवानगी निराळी असते. रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" संकेतस्थळावर याची माहिती व तक्रारीची सोय आहे.

आपण स्वतः जाहिरात करतांना

हे सर्व नियम फसविणाऱ्यांसाठीं आहेत, आपल्यासाठीं नव्हेत, असें शेतकऱ्यानें समजूं नये. रोपवाटिका, कुक्कुटपालन, मधमाशापालन, गांडूळखत यांचें प्रशिक्षण देणारे आपल्यांतलेच लोक "एकरीं पांच लाख" असें सर्रास लिहितात. एखाद्या उत्तम सालीं एखाद्या शेतांत तसें झालेलेंही असेल. परंतु तें सर्वांस मिळेल असें सुचविणें म्हणजे दिशाभूल होय. लिहावयाचें असल्यास असें लिहावें: "आमच्याकडून रोपें नेलेल्या वीस जणांपैकीं सहा जणांस अमुक सालीं खर्च वजा जातां एकरीं इतके रुपये राहिले, चौघांचें नुकसान झालें, बाकीच्यांचा हिशेब मिळाला नाहीं." अशा जाहिरातीनें गिऱ्हाईक कमी येईल, पण जें येईल तें परत भांडावयास येणार नाहीं. ज्या वहीवरून आंकडे घेतले ती वही जपून ठेवावी.

बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. त्या नांवाचा उपयोग करण्याचा हक्क १९९९ च्या कायद्याप्रमाणें नोंदलेल्या उत्पादकांचा आहे. बाहेरचें जांभूळ आणून तें बदलापूरचें म्हणून मोबाइलवर विकणें हेंही खोटें वर्णनच होय, आणि त्यांत नुकसान शेवटीं आपल्याच बागाईतदारांचें आहे.

फसवणूक झाल्यास

पैसे गेल्याचें कळतांच १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. पहिले कांहीं तास महत्त्वाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं ती रोखण्याचा प्रयत्न करतां येतो. जाहिरात, संदेश व पैसे भरल्याची नोंद यांपैकीं कांहींही पुसूं नये. मोबाइलमधील नोंद पुराव्यांत दाखल करतांना भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणें प्रमाणपत्र जोडावें लागतें. सदोष सेवेबद्दल ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करावी. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथें फी नाहीं. सल्ल्यासाठीं १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या रक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदाही आहे. त्याप्रमाणें उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला सक्षम प्राधिकारी नेमला जातो, फसविणाराची मालमत्ता जप्त होते, आणि विशेष न्यायालयाच्या हुकुमानें ती विकून पैसे वांटले जातात. परंतु जप्तीची नोंद सातबाऱ्यावर चढणें आणि ठेवीदाराच्या हातांत पैसा पडणें यांमध्यें वर्षें जातात, हें ध्यानांत ठेवून आधींच सावध असावें.

त्या मुलाच्या वडिलांनीं मोबदल्याची एक ठेव मोडून मावशीचे व तिच्या शेजारणीचे मिळून ७०,००० रुपये परत केले व त्याची पावती घेतली. मुलानें आपला जबाब लिहून दिला; चौकशी चालू आहे. पैसे परत गेले, तरी मावशीच्या घरचें जाणेंयेणें अद्याप बंदच आहे. कायद्यांत नुकसानीची भरपाई आहे, तुटलेल्या नात्याची नाहीं. म्हणून वाचक बंधुभगिनींस विनंति एवढीच कीं, मिळकतीचा जो आंकडा आपल्या वहींत नाहीं, तो आपल्या नांवानें कोणासही पाठवूं नये.